मुरूडचं मुलांचं हॉलिडे होम : एका आत्याचा अभिप्राय

आधीच सांगते, संस्थेचं नाव लिहिणार नाही. संस्था लहान आहे, एका खेपेला चोवीसच मुलं घेतात, आणि मला पुढे तक्रारी करायच्या आहेत. ओळखणारे ओळखतील. बाकीच्यांनी समुद्रकाठच्या कुठल्याही शिबिराला पोर पाठवण्याआधी हे वाचावं, उपयोग होईल.

मुरूड म्हणजे दापोलीचं, जंजिऱ्याचं नव्हे. पुण्यात मुरूड म्हटलं की निम्मे लोक किल्ल्याच्या गोष्टी सुरू करतात आणि मग मला महर्षी कर्व्यांना मध्ये आणावं लागतं. कर्वे या मुरूडचे. सरकारी परीक्षेला बसायला घाट चढून साताऱ्यापर्यंत चालत गेले आणि तिथे 'वय कमी दिसतं' म्हणून त्यांना बसूच दिलं नाही. ही गोष्ट आम्हाला १९८५ साली होमवर पहिल्याच संध्याकाळी गुरुजींनी सांगितली होती. वरंधा घाटाच्या वळणांनी ओकून ओकून पार गळालेली आम्ही पोरं भिंतीला टेकून बसलो होतो. आम्हाला लाज वाटावी एवढाच त्यामागे हेतू असावा.

मी तिथे दोनदा राहिले, १९८५ आणि ८६च्या मे महिन्यात. पहिल्या वेळी दहा वर्षांची होते. आता या मे महिन्यात माझी नऊ वर्षांची भाची सहा दिवस राहून आली आणि शेवटचे तीन दिवस मी 'पालक-स्वयंसेविका' म्हणून तिच्यासोबत होते. त्यात माझ्या बँकेतल्या तीन रजा गेल्या. त्या या हिशोबात धरलेल्या नाहीत.

आधी १९८५. आम्ही नारायण पेठेत दोन खोल्यांत राहायचो आणि आमचे दादा, म्हणजे वडील, एका छापखान्यात खिळेजुळारी होते, छपाईसाठी एकेक अक्षराचा खिळा जुळवायचे. होमचं माहितीपत्रक तिथेच छापलं जायचं. एक विश्वस्त प्रुफं बघायला यायचे. त्यांनी एकदा दादांना सहज विचारलं, तुमची मुलगी केवढी, पाठवा की, अर्ध्या पैशांत घेऊ. आठ दिवसांचे साठ रुपये होते, आम्हाला तीस पडले. ते पत्रक अजून माझ्याकडे आहे. चार पानी, निळ्या शाईचं, ट्रेडलवर छापलेलं. बोट फिरवलं की कागदाच्या मागच्या बाजूला अक्षरं हाताला लागतात. 'सोबत आणावयाच्या वस्तू'मध्ये सतरंजी एक, चादर एक, नाव घातलेला तांब्या व पेला, खोबरेल तेलाची लहान बाटली, टोपी, आणि पोस्टकार्डे तीन, 'पत्ता घरीच लिहून'. त्याच्या खाली दादांची चूक आहे. 'समुद्रस्नानास जाताना'च्या जागी 'समुद्रस्थानास जाताना' जुळलंय. विश्वस्तांनी त्याबद्दल बिलातून पाच रुपये कापले. मालकांनी ते दादांच्या पगारातून कापले, आणि आई वर्षभर म्हणत होती, म्हणजे पस्तीसच पडले की!

पण पत्रकातलं खरं वाचण्यासारखं पान शेवटचं. त्यावर तक्ता आहे : तिथी, पूर्ण भरतीची वेळ, समुद्रस्नानाची वेळ. तो तक्ता दादांनी नुसता जुळवला नाही, मांडलाही त्यांनीच. विश्वस्तांनी त्यांना रीत सांगितली होती, कोकणात पोरासोरांना ठाऊक असते ती : तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. पंचमीची पाऊणपट पावणेचार, षष्ठीला साडेचार, अष्टमीला सहा. रोज अठ्ठेचाळीस मिनिटं पुढे. आणि एका भरतीनंतर दुसरी सव्वाबारा-साडेबारा तासांनी, म्हणजे संध्याकाळी सहाची असेल तर सकाळीही साडेपाचच्या आसपास एक होऊन गेलेली असते. दादांनी छापखान्यातल्या रद्दी कागदावर आठही दिवसांचं गणित मांडलं. तोवर त्यांनी समुद्र पाहिला नव्हता.

त्या तक्त्यावर अख्खं होम चालायचं. घड्याळ होतं, पडवीत टांगलेलं. पण ते जेवणाच्या घंटेपुरतं, आणि जेवणसुद्धा भरतीच्या हिशोबाने मागेपुढे व्हायचं. गुरुजींचा नियम एकच : पाणी चढत असताना समुद्रात, उतरायला लागलं की बाहेर. ओहोटी पाय ओढते. म्हणून भरतीच्या आधीचे दोन तास आमचे. षष्ठीला भर दुपारी अडीच वाजता डोक्याला रुमाल बांधून उतरलो, अष्टमीला चार वाजता चहा पिऊन, आणि दशमीला संध्याकाळची भरती अंधारात जायला लागली म्हणून सकाळची धरली. साडेपाचला उठवलं. पुढे कंदील घेऊन गुरुजी, मागे पेंगत चाललेली वीस-बावीस पोरं, आणि सुरूच्या बनातून बाहेर पडलो तर समोर पाणी करडं, आकाशाच्याच रंगाचं. कुठून कुठे समुद्र ते कळेना. मी पुण्याला लिहिलेल्या दुसऱ्या कार्डात एवढंच लिहिलंय, 'आज समुद्र दिसला नाही पण आम्ही त्यात होतो.' १५ पैशांच्या कार्डात याहून जास्त काय लिहिणार!

दुसरा नियम मर्यादवेलीचा. वाळू जिथे सुरू होते तिथे जांभळ्या फुलांचा जाड पानांचा वेल पसरलेला असतो, पानं आपट्यासारखी मधून दुभागलेली. समुद्र त्याच्या अलीकडे येत नाही म्हणून तो मर्यादवेल. मोठं माणूस सोबत नसेल तर त्याच्या पलीकडे पाऊल टाकायचं नाही. दोरी नाही, शिट्टी नाही, पाटी नाही. आणि आम्ही टाकत नव्हतो. एका मुलाने टाकलं, तर त्याला दिवसभर विहिरीवर रहाटापाशी बसवून आगराच्या, म्हणजे नारळी-पोफळीच्या बागेच्या, पाटात पाणी कुठवर पोचतं ते बघायला लावलं. त्याला ती शिक्षा इतकी आवडली की दुसऱ्या दिवशी आणखी दोघांनी वेल ओलांडला.

ओहोटीचे तास मोकळे नसायचे, ते बघण्याचे असायचे. ओल्या वाळूवर शेंगदाण्याएवढे खेकडे बाहेर येतात. एकेक खेकडा आपल्या बिळाभोवती फिरत वाळू तोंडात घालतो, त्यातलं खाण्याजोगं काढून घेतो आणि उरलेल्या वाळूची मोहरीएवढी गोळी करून मागे टाकतो. गोळ्यांच्या रांगा बिळापासून बाहेर पसरत जातात. तासाभराने बघावं तर सगळी पुळण ठिपक्यांच्या रांगोळ्यांनी भरलेली. पाऊल आपटलं की सगळे एका क्षणात गडप. आम्ही श्वास रोखून उकिडवे बसायचो, ते परत बाहेर येईपर्यंत. मला वाटतं, माझ्या आयुष्यात मी सलग एवढा वेळ गप्प तेव्हाच बसले. मग भरती यायची आणि सगळं पुसून जायचं. गुरुजी म्हणायचे, उद्या अठ्ठेचाळीस मिनिटं उशिरा या, पाटी कोरी मिळेल.

रडारडही झाली. पहिल्या रात्री शनिपाराजवळची एक मुलगी मुसमुसायला लागली आणि ओळीने घातलेल्या सतरंज्यांवरून ते रडं शेवटच्या भिंतीपर्यंत पोचलं. गुरुजींच्या बायकोने, त्यांना सगळे काकू म्हणायचे, कंदील मोठा केला आणि प्रत्येकाच्या हातावर फणसपोळीचा एकेक तुकडा ठेवला. रडताना फणसपोळी चावता येत नाही, ती दाताला चिकटते. दुसऱ्या रात्री कोणी रडलं नाही. संडास आगराच्या पार टोकाला होता आणि रात्री तिथे जायची छाती कुणाची नव्हती, हे मात्र लिहिलं पाहिजे. पाठीची सालं निघाली. एकाच्या चपलेत विंचू निघाला. एकीच्या पोटरीला जेलीफिश लागून लाल वेताच्या वळासारखे पट्टे उठले आणि औषध म्हणून होतं ते आयोडिन. जुनं ते सगळं सोनं असलं काही मी म्हणत नाहीये.

आणि हर्णै. पेठेतल्या पोरींनी मासळीचा लिलाव त्याआधी पाहिलेला नव्हता. होड्या बाहेर उभ्या, आणि बैलगाड्या थेट पाण्यात शिरून मासळी किनाऱ्यावर आणतायत, बैलांच्या पोटाला लाटा लागतायत. आम्ही सगळ्यांनी नाकाला रुमाल लावले. एक कोळीण हसून म्हणाली, "रुमाल सोडा गो, नाक काय गळून पडत नाय!" मी सोडला. नाक पडलं नाही.

परत येताना दादांसाठी औषधाच्या बाटलीत समुद्राचं पाणी आणलं होतं. त्यांनी बूच काढलं, शाईने काळं झालेलं बोट आत घातलं आणि चाखलं. "खारट आहे खरं," म्हणाले, आणि बाटली फडताळात पत्रकांच्या गठ्ठ्याशेजारी ठेवून दिली.

आता यंदाचं.

नोंदणी मोबाईलवर. सहा दिवसांचे साडेआठ हजार, पुण्यातून बससकट. ही किंमत मला जास्त वाटली नाही, पुण्यात दहा दिवसांच्या उन्हाळी वर्गाला लोक याहून जास्त मोजतात आणि पोर रोज घरी येऊन टीव्ही बघतंच. बस वातानुकूलित, स्वारगेटजवळून पहाटे सहाला, आणि चक्क सहालाच सुटली. आमच्या वेळी एसटी भोरवरून वरंधा उतरायची, वाघजाईपाशी थांबायची, तिथे गुरुजी स्वतः भजी खायचे आणि आम्हाला आवळासुपारी द्यायचे. आता ताम्हिणीने माणगाव आणि पुढे मंडणगडवरून दापोली. साधारण दोनशे किलोमीटर. भाची एकदाच ओकली, तेही मुळशीच्या आत. आमच्या घराण्याच्या मानाने ही प्रगतीच म्हणायची.

घर तेच आहे आणि तेच नाहीही. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडच्या किनाऱ्यावरची नारळी-पोफळीची आगरं झोपली, हे पेपरात वाचलं होतं. पण वाचणं वेगळं. माझ्या आठवणीतल्या आगरात भर दुपारी अंधार असायचा, पोफळी इतक्या दाट. आता तिथे ऊन पडतं. नवी रोपं छातीएवढी झाली आहेत, पोफळीला वेळ लागतो. मंगलोरी कौलं वादळात गेली, त्यांच्या जागी लाल पत्रे आले. पत्र्याखाली दुपारी पंखा नुसती गरम हवा ढवळतो. खोल्यांत एसी नाही, आणि तो नसावाच, पण पत्र्याखाली निदान काहीतरी थर द्या. हे मी त्यांच्या वहीतही लिहून आले आहे. सुरूचं बन विरळ झालंय, पण आहे. मर्यादवेलही आहे. त्यावर प्लास्टिकच्या बाटल्या अडकलेल्या असतात, कारण बाजूला आता चार रिसॉर्ट आहेत आणि शनिवार-रविवारी वाळूवर गाड्या घालणारे आपले पुणेकर.

संडास-बाथरूमला पैकीच्या पैकी. आत आहेत, स्वच्छ आहेत, रात्री दिवा असतो, मुलींच्या दालनात एक ताई दाराशी झोपते. खारं अंग धुवायला बाहेर गोड्या पाण्याच्या चार तोट्या. औषधांची पेटी मी उघडून बघितली (स्वयंसेविकेचा अधिकार), नीट आहे, तारखा उलटलेल्या नाहीत. आजारी पडलंच तर दापोली बारा-पंधरा किलोमीटरवर, गाडी दाराशी उभी. या बाबतीत १९८५चं नाव काढू नये.

सुवर्णदुर्गची फेरीही छान. हर्णैहून होडीने, सगळ्यांना लाईफ जॅकेट. दरवाजाच्या उंबऱ्यावर कोरलेलं कासव भाचीने मला न सांगता शोधलं. माहिती सांगणारा मुलगा उत्साही होता. पण तो शिवाजी महाराज आणि कान्होजी आंग्रे यांच्यावरून एकदम परतीच्या होडीवर आला. गुरुजी आम्हा पेठेतल्या पोरांना तिथे मुद्दाम उभं करून सांगायचे की १७५५ साली हा किल्ला तुळाजी आंग्र्यांकडून घेतला तो इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने, आणि इंग्रजांना सोबत घेतलं होतं ते तुमच्या शनिवारवाड्याने. मग आम्ही गप्प, आणि ते समुद्राकडे बघत. नऊ वर्षांच्या मुलांना हे झेपतं. मला झेपलं होतं.

जेवणाबद्दल. वेळापत्रकात पास्ता, मंचुरियन, पावभाजी होती. मुरुडात जाऊन मंचुरियन! विचारल्यावर कळलं, मागच्या वर्षी पालकांनी लिहून दिलं होतं की मुलांना ओळखीचं द्या. सकाळी मऊभात, तूप, मेतकूट आणि पोह्याचा पापड असा नाश्ता आमच्या वेळी रोज असायचा. आता तो 'मागितल्यास' आहे, आणि नऊ वर्षांच्या मुलाला जे माहीतच नाही ते तो मागणार कसा? मी पंचमीला सकाळी माझ्यासाठी मागितला. भाचीने माझ्या ताटातला चाखला. मग शेजारच्या मुलीने. पातेलं संपलं आणि सँडविचं उरली. स्वयंपाक बघणाऱ्या बाई जुन्या काकूंच्या सूनबाई आहेत, आता त्यांनाच सगळे काकू म्हणतात. त्या म्हणाल्या, "पोरं खातात हो सगळं. पण मऊभाताचा फोटो चांगला येत नाही."

फोटोंवरून आठवलं. पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. मी पुण्यात असताना तीन दिवसांत त्यावर तीनशेच्या वर फोटो आले. माझी वहिनी प्रत्येक फोटो दोन बोटांनी मोठा करून बघायची. हिची टोपी कुठाय? ही कडेला का उभी आहे? हिच्या ताटात भाजी का नाही? मग तिथल्या ताईला मेसेज. तिथे गेल्यावर मला दुसरी बाजू दिसली. दर तासाला शिट्टी वाजते, पोरं हातातलं टाकून ओळीत येतात, दोन बोटं वर करून हसतात आणि परत जातात. चतुर्थीला सकाळच्या ओहोटीला खेकड्यांच्या रांगोळ्यांपाशी चार पोरं उकिडवी बसली होती, अगदी आमच्यासारखी, आणि खेकडे नुकते बाहेर यायला लागले होते. शिट्टी झाली. चारही उठून पळाली, खेकडे आत. त्या शिट्टीवर मी अजून चिडलेली आहे.

मोबाईल मुलांकडून काढून घेतात, हे उत्तम. पण रोज संध्याकाळी सात ते साडेसात घरी फोन. मी दोन्ही संध्याकाळी बाजूला उभी राहून बघितलं. सातपर्यंत खो-खो, लंगडी, आरडाओरडा. सातला फोन, पलीकडून आईचा आवाज, "बाळा, जेवलास का?" आणि हे डोळे भरून. साडेसातला अर्धं दालन मुसमुसतंय. आम्ही एक रात्र रडलो आणि मोकळे झालो. यांना रोज नव्याने रडावं लागतं. ताईंना मी म्हटलं, एक दिवसाआड करा. त्या म्हणाल्या, "ताई, मुलांचं चालेल हो. आई-वडिलांचं कोण बघणार?" वहिनी हे वाचणार आहे. वाचू दे.

आता मोठी तक्रार, जिच्यासाठी हा सगळा प्रपंच.

वेळापत्रकात रोज 'पाच ते सहा : बीच टाइम' असं छापलंय. सहाही दिवस पाच ते सहाच. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी मुलं तिथे पोचली. तुम्हीच पाऊणपट करा : प्रतिपदेला पाऊण, द्वितीयेला दीड, तृतीयेला सव्वादोन, चतुर्थीला तीन, पंचमीला पावणेचार, षष्ठीला साडेचार. म्हणजे सहापैकी एकाही दिवशी पाच वाजता पाणी चढत नव्हतं. सगळे दिवस ओहोटी, आणि त्यातले पहिले पौर्णिमेच्या उधाणाला लागून, म्हणजे पाणी उतरतं तेही जोरात. शिबिर जर अष्टमी-नवमीच्या सुमाराचं असतं, भांगाच्या म्हणजे मंद भरती-ओहोटीच्या दिवसांतलं, तर पाणी तसंही फार चढत-उतरत नाही आणि मी एवढी बोलले नसते.

इथे त्यांची बाजूही सांगते. जीवरक्षक दोन होते, स्थानिक, तरबेज. मुलांना घोट्यापलीकडे जाऊच दिलं नाही. कुणाला काही झालं नाही. पण त्यामुळे झालं काय, चोवीस मुलं दोनशे किलोमीटर जाऊन घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहिली आणि मागे सरकणाऱ्या समुद्रामागे चालत राहिली. मी व्यवस्थापकांना चतुर्थीला दुपारी विचारलं. भला माणूस, तिशीतला. त्याने मोबाईलवर ॲप उघडलं, भरतीची वेळ बघितली. माझ्या तीन वाजण्यात आणि ॲपमध्ये दहा-बारा मिनिटांचा फरक. तो थोडा चमकला. मग म्हणाला, "मॅडम, एक ते तीन आमचा रेस्ट टाइम आहे. पालकांना वेळापत्रक आधी गेलंय. आणि मे महिन्याच्या उन्हात दोन वाजता मुलं पाण्यात, फोटो गेला तर?"

त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. आमच्या पाठीची सालं निघाली होती ती त्याच उन्हाने. पण मग शिबिराच्या तारखाच तिथी बघून ठरवा ना! अष्टमीपासून द्वादशीपर्यंतचे दिवस धरले तर भरती आपोआप सकाळी लवकर आणि संध्याकाळी येते, ऊनही चुकतं, पाणीही चढतं असतं. ते पत्रकातले आठ दिवस पंचमी ते द्वादशी होते, ते काही उगाच नव्हते. हे मला स्वतःला चाळीस वर्षांनी, त्या व्यवस्थापकाच्या टेबलासमोर उभी असताना कळलं. मी पर्समधून पत्रक काढून त्याला शेवटचं पान दाखवलं. त्याने मोबाईलवर फोटो काढला. 'समुद्रस्थानास' त्याच्याही लक्षात आलं, तो काही बोलला नाही.

पंचमीला त्याने स्वतःच्या जबाबदारीवर वेळ बदलली. अडीच वाजता, टोप्या, पूर्ण बाह्यांचे सदरे, चेहऱ्याला पांढरं मलम फासलेली चोवीस भुतं, आणि पाऊण तासच. पाणी चढत होतं. जीवरक्षक कमरेएवढ्या पाण्यात हात धरून रांग करून उभे राहिले, बाकी स्वयंसेवक बाजूला. एक लाट भाचीच्या डोक्यावरून गेली. ती नाकातोंडातून पाणी काढत वर आली आणि पहिला शब्द बोलली तो "परत!" असा.

त्या संध्याकाळी समुद्रावर जायचं नव्हतं म्हणून मुलं मागच्या अंगणात काकूंपाशी जमली. त्या आमसुलांसाठी रातांबे फोडत होत्या. बोटं जांभळी-लाल, बिया एका भांड्यात, सालं दुसऱ्यात, आणि सालांना परत परत त्याच रसात बुडवून वाळवायचं. पोरांनी रातांब्याचा गर चोखला, तोंडं वाकडी केली, परत चोखला. काकूंनीच विचारलं, "उद्या षष्ठी. भरती कधी?" कुणालाच येईना. मग त्यांनी रीत सांगितली. पाऊणपट म्हणजे काय हे चोवीसपैकी एकालाही माहीत नव्हतं, इंग्रजी शाळेत दिडकी-पाऊणकी कोण शिकवतं. काकूंनी सहा रातांबे मांडले, प्रत्येकाचे चार भाग केले, प्रत्येकातला एक बाजूला काढला. उरलेले मोजा. अठरा पाव म्हणजे साडेचार. हा शिबिरातला सगळ्यात चांगला तास होता आणि तो वेळापत्रकात नव्हता. त्याचा फोटोही नाही, कारण ताईंच्या मोबाईलचं चार्जिंग संपलं होतं.

तारांकन द्यायचंच तर पाचपैकी साडेतीन. पाठवा जरूर, पण पाठवण्याआधी कालनिर्णयात तिथी बघा आणि तारखा फोन करून विचारा. सोबत टोपी द्या, ग्रुपवर टोपीबद्दल विचारू नका. मऊभात मागायला पोराला शिकवून पाठवा. पुढच्या वर्षीच्या तारखा तिथी बघून ठरवू, असं व्यवस्थापक म्हणाला आहे. तसं झालं तर उरलेलं दीड मी देईन, आणि नाही झालं तर परत लिहीन.

परवा संध्याकाळी भाचीचा फोन आला. "आत्या, आज नवमी ना? म्हणजे पावणेसातला पूर्ण भरती." मी बँकेतून घरी निघाले होते, राजाराम पुलाच्या अलीकडे वीस मिनिटं एकाच जागी उभी. म्हटलं, बाळा, सिंहगड रोडला पावणेसातला रोजच असते.